फिलूची हळद

मी कोंबडीला हळद लावली आणि मग ती साबणाने धुऊन काढली.

ज्या घरात लग्नातले हळदीचे कपडे धुतले गेलेत, त्या घरातल्या बायका एव्हाना हसल्या असतील. पुरुष नुसतेच पुढच्या ओळीवर आले असतील. मी त्या पुरुषांतलाच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं; त्यांनी धुतलेले कपडे जन्मभर अंगात घालून हिंडणाऱ्या मला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

यंदा मुंबईत थंडी पडली. पडली म्हणजे मुंबईत पडते तेवढी. लोकांनी डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर काढले, एक सकाळ मिरवले आणि दुपारी काखेत मारून घरी आणले. आमच्या दादरच्या इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सिल्की जातीच्या कोंबड्या पाळल्यात. या कोंबड्यांची पिसं पिसांसारखी नसतातच. पिंजलेल्या कापसाला पाय फुटावेत तशा त्या दिसतात. डोक्यावर झुलपं, पायांत केसाळ मोजे. मी गच्चीवर टॉवेल काढायला गेलो, तर बाईंनी एकीला न्हाऊ घातलं होतं आणि तिच्यावर केस वाळवायचं यंत्र धरलं होतं. भिजलेली सिल्की फार लहान होते. सगळा फुगारा अंगाला चिकटतो आणि आतून बाहेर येते ती एक काळी, बारकी, थरथरणारी वस्तू. कातडी काळी, चोच काळी, नखंसुद्धा काळी.

"घाबरलात का काका?" बाई म्हणाल्या. "हिची कातडी काळीच असते. जातच तशी."

"माहीत आहे," मी म्हणालो.

खाली आलो तेव्हा टॉवेल गच्चीवरच राहिला होता. बायको म्हणाली, रिकामे हात हलवत कुठून आलात? मी म्हणालो, गिरगावातून. तिला वाटलं, आता यांना डॉक्टरीणबाईंनाच दाखवावं.

गिरगावात आमची चाळ आणि तिच्या पाठीला लागून ख्रिस्ती लोकांची वाडी. मध्ये भिंत, आणि भिंतीला एक भगदाड. चाळीतली पोरं, मांजरं, भांडणं आणि उसनी साखर त्याच भगदाडातून ये-जा करायची. वाडीतली घरं लाकडी, बुटकी, कठड्यांना हिरवा रंग. पहिलंच घर क्लारामावशीचं. मावशीचा नवरा लवकर गेलेला. मुलगा एकुलता एक, पास्कल. तो जहाजावर भटारखान्यात होता. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर बटाटे सोलायचा आणि उरलेले आमच्या जिवाला घोर लावायचा. माझ्याच वयाचा, माझा मित्र. एका खेपेला तो सिंगापूरहून बांबूच्या टोपलीत दोन सिल्की घेऊन आला. एक वाटेतच मेली. उरली ती फिलोमिना. फिलू.

रविवारी मिसा करून आला की पास्कल चर्चचा कोट उतरवून पायरीवर बसायचा आणि फिलूला मांडीवर घ्यायचा. तिचं डोकं आपल्या पोटात खुपसायचं, म्हणजे ती गप्प राहते. मग तान्ह्या बाळाच्या ब्रशने मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायचं. डोळ्यांवर आलेले केस मावशीच्या नखं कापायच्या कात्रीने छाटायचे, नाहीतर या कोंबडीला पुढचं काही दिसत नाही आणि ती भिंतीवर जाऊन आदळते. पायांचे मोजे ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करायचे. शेवटी चाळलेली राख आणि कडुलिंबाच्या पाल्याची पूड मुळाशी चोळायची, म्हणजे उवा होत नाहीत. हे सगळं तो शीळ घालत करायचा. फिलू डोळे मिटून घ्यायची. मी खालच्या पायरीवर बसून बघायचो.

"हात लाव की रे वश्या. चावत नाही."

"आईला कळलं तर आंघोळ करायला लावेल."

"मग कर ना! तेवढंच निमित्त. एरवी कुठे करतोस?"

आमचं घर शाकाहारी. कोंबडी या प्राण्याशी माझा संबंध फक्त पहाटे ओरडण्यापुरता, आणि तोही कोंबड्याशी. फिलूचं तोंड काळं आहे हे मला दिसत होतं, पण वानराचंही तोंड काळं असतं, बाकीचा वानर कुठे काळा असतो? असा माझा शास्त्रीय विचार. मी हात लावला नाही, म्हणून केसांखाली काय आहे ते कधी बघितलं नाही. एवढं मात्र पास्कलने बजावलेलं कानात होतं. "हिला पाणी लागता नये. बाकीच्या कोंबड्यांवरनं पाणी घसरतं. ही पिऊन घेते. भिजली नि वारा लागला, की खलास."

तो हिवाळा गोळीबाराचा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा तेव्हा आमच्या चाळीत नळाच्या पाण्यासारखी यायची. पहाटे यायची, आणि एकदा आली की सगळे भरून घ्यायचे. माझा आवाज मोठा. गॅलरीत उभं राहून मी अशी आरोळी ठोकायचो की समोरच्या इमारतीतल्या पारशी म्हाताऱ्याची खिडकी बंद व्हायची. घोषणा दिल्यावर मी आत जाऊन चहा प्यायचो. माझा लढा साधारण गॅलरीच्या कठड्यापर्यंत होता. रस्त्यावर जळक्या टायरचा वास, ट्रामच्या रुळांवर दगड, फुटलेल्या दिव्यांच्या काचा. अश्रुधूर वाऱ्याबरोबर वाडीत शिरायचा आणि नाताळपासून टांगलेला कागदी तारा त्या धुरात हलत राहायचा. मावशीने तो उतरवला नव्हता. पास्कल जहाजावर गेला की उतरवीन म्हणायची.

त्याच दिवसांत फिलू खुडूक झाली. या जातीला बसायचं भारी वेड. अंडं असो-नसो, मांडी ठोकून बसायचं. ती पास्कलच्या उलट्या टोपीत जाऊन बसली. खाली काही नाही, नुसतं अस्तर. टोपी घ्यायला गेलं की फिस्कारायची. पास्कल बोडक्या डोक्याने हिंडायला लागला.

त्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हाही बोडकाच होता. फोर्टात कंपनीच्या कचेरीत जाऊन पुढच्या सफरीची सही करायची होती.

"आज नको जाऊ रं," मावशी म्हणाली. "आवाज चांगले नाहीत."

"माय, सही नाही केली तर जहाज दुसरा भटारी घेऊन जाईल. गेलो नि आलो." मग भगदाडात उभ्या असलेल्या मला म्हणाला, "वश्या, फिलूकडे बघ. आणि लई ओरडू नको, तिला बसू दे."

दुपारी लांबून आवाज आले. चाळीत कोणीतरी म्हणालं, फटाके. फटाके कशाला वाजतील, हे प्रत्येकाला कळत होतं आणि कोणालाच ते म्हणायचं नव्हतं. उन्हं कलली तरी पास्कल आला नाही. वाडीतले दोघेतिघे परत आले, त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. मग मावशीने डोक्यावरनं पदर घेतला आणि भावाला, लॉरेन्समामांना, घेऊन ती हॉस्पिटल बघायला निघाली. जाताना मला म्हणाली, "वसंता, कोंबडीला चार दाणे घाल. सकाळपासून उठली नाही ती."

एवढंच काम होतं. चार दाणे.

मी दाणे घातले, ती उठेना. मला वाटलं, आपण मित्राच्या कोंबडीसाठी आज काहीतरी जास्त केलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हातांनी कोंबडी उचलली. वजन काहीच नाही. उशीच्या अभ्र्यात चिमणी असावी तसं. आणि पोटाखाली बघतो तो छातीचे केस गेलेले आणि उघडी पडलेली कातडी काळीठिक्कर. खुडूक कोंबडी आपल्या छातीचे केस आपणच उपटते, हे मला ठाऊक नव्हतं. काळी कातडी ही तिची जात, हेही नाही. मला एकच कळलं, की अश्रुधुराने कोंबडी सडली आणि पास्कल येऊन मला विचारणार.

आमच्या घरात कापलं, खरचटलं, ठेचकाळलं, घसा बसला, की हळद. मावशीच्या स्वयंपाकघरात वाडीत घरोघर करतात त्या बाटली मसाल्याच्या बरण्यांमागे हळदीचा डबा सापडला. खोबरेल तेलात कालवून मी फिलूच्या छातीला लेप दिला. तिने फडफड केली. लेप छातीवर थांबला नाही. सुती कापडाने रंग प्यावा तसे ते पांढरे केस हळद पीत गेले. थोड्या वेळाने माझ्या हातात एक पिवळी धमक नवरी होती. फडक्याने पुसलं, तर पिवळं आणखी पसरलं. आता मावशी येणार, तिच्या जिवाला आधीच काय लागून राहिलंय, आणि तिच्या दारात मी हे असलं ध्यान घेऊन उभा. पास्कलने पाण्याबद्दल बजावलेलं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण घाबरलेल्या माणसाला आठवतं एक आणि त्याचे हात करतात भलतंच. मी बादली घेतली आणि कपड्याच्या साबणाची वडी.

जेवून हात धुताना आजही माझ्या नखांत राहिलेली हळद साबणाला लागते आणि कडा तांबड्या होतात. घरोघरी होतात, त्यात विशेष काही नाही. पण मी रोज क्षणभर बघतो आणि नळ जोरात सोडतो.

फिलू लाल झाली. रंगपंचमीच्या लाल रंगाची नव्हे, जुन्या, वाळत आलेल्या लाल रंगाची. पाणी पायरीवरून ओघळत खाली जात होतं, तेही तसंच. ती थरथरायला लागली. मी दोरीवरचा पास्कलचा पांढरा पंचा ओढला, तिला गुंडाळलं, छातीशी धरलं. पंचाही लाल झाला. मान वर केली तर फाटकाशी मावशी उभी होती. तिच्यामागे लॉरेन्समामा धापा टाकत येत होते.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग पंचाकडे बघितलं. पदराचं टोक सोडून दिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गेला."

"कोण गेला?" मामा मागून ओरडले. "काहीतरी काय बोलतेस? उद्या सकाळी बोलवलंय ना आपल्याला? हॉस्पिटलच्या फाटकावर सांगितलं ना त्यांनी?" मग त्यांनी माझ्या हातातलं बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. शेजारच्या दारातल्या बाया पुढे आल्या. कोणीतरी हुंदका दिला. मी "हळद, हळद" एवढंच म्हणत होतो. त्या गर्दीत तो शब्द इतका मूर्खासारखा वाटत होता की पुढचं वाक्य सुचेना.

मावशी वर आली. माझ्या हातातून तिने फिलू काढून घेतली. "शेगडी पेटव," म्हणाली.

मी शेगडी पेटवली. मावशी जमिनीवर बसली, कोंबडी मांडीवर, आणि कोरड्या लुगड्याच्या फडक्याने एकेक बट टिपत राहिली. मी पंख्याने कोळसे फुलवत होतो. "जवळ नको धरू, भाजेल," एवढंच ती मधूनच म्हणायची. बाहेर बाया प्रार्थना म्हणत होत्या, मामा दारात उभे राहून कोणावर चिडावं ते शोधत होते. कर्फ्यूची गाडी भोंगा लावून गेली. मावशीने फुंकर घालून केस सुटे केले, मुळाशी बोट घालून ओल राहिली का पाहिली, परत फुंकर घातली. हळूहळू तो काळा काटकुळा जीव फुगत गेला, कोंबडीसारखा दिसायला लागला. नुसता रंग तेवढा राहिला. मग मावशीने तिला टोपीत ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. त्यानंतर जे ऐकलं ते मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आणि चर्चची माणसं जाऊन पास्कलला घेऊन आली. गोळी पाठीत होती. कचेरीत पोहोचला होता की परतत होता, ते कधीच कळलं नाही.

वाडीत आणि चाळीत मात्र एक गोष्ट पक्की झाली. सरकारी माणसांच्या आधी आईला कोंबडीने सांगितलं. पोराची लाडकी कोंबडी रक्तासारखी लाल झाली आणि त्याच क्षणी आईच्या तोंडातून शब्द बाहेर पडला. मी हळदीचं सांगत राहिलो. लोक मान डोलवायचे. "हो, हो, हळद. पण त्याच दिवशी बरी तुला बुद्धी झाली!" चाळीतली एक आजी नातवाच्या ताइतात घालायला फिलूचे दोन लाल केस मागायला आली. "कोंबडी आहे ती बाई, पीर नाही," मावशीने तिला वाटेला लावलं. मिरवणुकीत पास्कलचा फोटो न्यावा म्हणून चाळीतले कार्यकर्ते आले, तेव्हाही ती दारातूनच म्हणाली, "माझा पोरगा सही करायला गेला होता. त्याला झेंडा नका देऊ."

माझी मात्र बढती झाली. मी अपशकुनाचा माणूस झालो. सकाळी कामाला निघालेले लोक जिन्यात माझं तोंड दिसलं की काहीतरी विसरल्यासारखं करून परत घरात जायचे, थोडं थांबून पुन्हा निघायचे. गिरणीत जाणाऱ्या एकाने मला स्पष्टच सांगितलं, "राव, पाळी सुरू व्हायच्या आधी खाली येत जाऊ नका." मी येत नसे. घोषणाही माझ्या घशातून परत निघाली नाही. इतरांच्या ऐकायचो.

आणि फिलू हिंडत राहिली. लाल. पावसाळा संपेपर्यंत लाल. संध्याकाळी वाडीत दिवा लागायच्या वेळेला तो तांबडा गोळा अंगणातून आवाज न करता सरकायचा, त्या केसाळ पायांचा आवाज होतच नाही. भगदाडातून सहज बघावं तर समोर ती, मान वाकडी करून. तिला काही दिसायचं नाही हे मला माहीत होतं. डोळ्यांवर केस आले होते. कापणारा नव्हता. तरी मला वाटायचं, ती बघतेय. फाटकाची कडी वाजली की ती थांबायची. कडी वाजवणारा दूधवाला निघायचा, पोस्टमन निघायचा. ती पुन्हा चालायची.

एका रविवारी मिसा करून आल्यावर मावशीने कात्री माझ्या हातात दिली. "माझा हात हलतो," म्हणाली. मी पायरीवर बसलो, फिलूचं डोकं पोटात खुपसलं. डोळ्यांवरच्या दोन बटा छाटल्या. राख चोळली. मोजे पुसले, लगेच कोरडे केले. मला शीळ येत नाही, म्हणून मी नुसताच बसलो. घरी गेल्यावर आईने माझ्या सदऱ्याला चिकटलेले लाल केस बघितले. मला वाटलं, आता न्हाणीघरात पाठवणार. तिने ते केस एकेक करून उचलले आणि खिडकीबाहेर सोडले. त्यानंतर दर रविवारी मी आपण होऊन आंघोळ करत गेलो, पण ती फिलूकडे जाण्याआधी. पास्कल असता तर म्हणाला असता, कोंबडीसाठी नटतोस, कधी पोरीसाठी नटला नाहीस.

नवरात्रानंतरच्या उकाड्यात तिची झड सुरू झाली. कोंबड्यांचे केस, पिसं वर्षातून एकदा गळतात. लाल पुंजके वाऱ्यावर उडून चाळीत यायला लागले. गॅलरीत, वाळत घातलेल्या पापडांवर, एकदा आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या पायाशी. खालून नवे पांढरे कोंब फुटत होते. मला ते लाल केस गोळा करून ठेवावेत असं वाटत होतं. मावशीने झाडू घेतला आणि अंगण झाडून काढलं.

फिलू त्यानंतर चांगली जगली. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, त्या संध्याकाळी चाळीने कंदील लावले, पेढे वाटले. मी एक पेढा घेऊन भगदाडातून गेलो. मावशी फिलूला विंचरत होती. तिने पेढा अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी पास्कलचं नाव घेतलं नाही. फिलू पुढे म्हातारी होऊन टोपीतच मेली.

तरी माझ्या मनातली ती लाल कोंबडी मेली नाही. मावशीने "गेला" म्हटलं ते माझ्या हातांकडे बघून. तिचा पोरगा तिच्यासाठी रात्रभर जिवंत राहू शकला असता. उद्या सकाळपर्यंतची आशा तिच्या वाट्याची होती. ती मी साबणाने धुऊन टाकली. दर थंडीला मी हा हिशेब मांडायचो आणि दर थंडीला तो तसाच निघायचा. मावशीला कधी विचारलं नाही. तिने कधी काढलं नाही. आपण एखाद्याच्या दुःखाचे दूत झालो, या कल्पनेत एक भयंकर मोठेपणाही असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

शेवटी विचारलं ते फार वर्षांनी. मावशी माहीमला भाचीकडे राहायला गेली होती. डोळे गेलेले, कान शाबूत. पलंगावर बसली होती. मी पाय धरले.

"कोण? वसंता? दम लागतो रं तुला. जाडा झालास?"

झालो होतो. इकडचं तिकडचं बोललो. भाची चहा ठेवायला आत गेली, आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. हळद, साबण, पंचा, तिची ती एक रात्र. म्हणालो, मावशी, मी कोंबडी तशी केली नसती तर तुला तेव्हा कळलं नसतं.

ती म्हणाली, "कोंबडीनं काय कळायचं? मी बघून आले होते ना त्याला."

"कुणाला?"

"पास्कलला. लॉरेन्स हॉस्पिटलच्या फाटकावर पोलिसाशी भांडत होता. आतली आया आपल्या चर्चची. तिनं मला मागच्या दारानं नेलं. बघितलं. तोंड पुसलं त्याचं. बाहेर आले."

"मग मामांना का नाही सांगितलंस?"

"रस्त्यात सांगितलं असतं तर रस्त्यातच बसला असता तो. कर्फ्यू लागत होता. घरी येऊन सांगणार होते. आले नि सांगितलं."

"पण सगळे म्हणत होते, कोंबडीनं..."

"म्हणू दे. मला कुणी विचारलं?"

इतकी वर्षं मी जे खांद्यावर वाहत होतो ते तिने एका वाक्यात उतरवून ठेवलं होतं, आणि मला हलकं वाटायच्याऐवजी उगाच रिकामं वाटत होतं. मी म्हणालो, "मग तू माझ्याकडे तशी का बघत होतीस?"

मावशीने चाचपडत माझा हात शोधला, आणि सापडल्यावर त्यावर एक चापट मारली.

"बघू नको तर काय करू? घरातलं एक गेलंच होतं, नि तू गाढवा, दुसरं मारायला घेतलं होतंस."